गावात बसून रेडिओ ऐकायचा छंद : स्कॅनर मागवण्याआधी हे वाचा

टेबलावर स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत बिनतारी बोलणं पकडणारा रेडिओ, ठेवून रात्रभर पोलिसांचं आणि अग्निशमन दलाचं बोलणं ऐकणाऱ्या अमेरिकन माणसांचे व्हिडिओ आता आर्वी, पुसद, ब्रह्मपुरीकडच्या पोरांच्या मोबाइलवरही फिरतात. मग कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, आपल्या ठाण्याचं वायरलेस ऐकता येते का? कोणता डबा मागवू?" नाही. आपल्या देशात हे चालत नाही, आणि डबा मागवला तर पैसे जाऊन वर डोक्याला ताप.

पण रेडिओ ऐकण्याचा छंद ठाण्याच्या वायरलेसपुरता नाही. कायद्यात बसणारं ऐकण्यासारखं भरपूर आहे, आणि त्यातलं बरंचसं नागपूरच्या फ्लॅटपेक्षा वावरातल्या खोलीवर चांगलं ऐकू येतं. मी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढून हे करतो. नव्या माणसाचा गोंधळ कुठे होतो ते मला माहीत आहे, म्हणून पायरीपायरीनं लिहितो. पहिली पायरी कंटाळवाणी आहे, तरी ती टाळू नका.

१. आधी कायदा समजून घ्या

१९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं ठरवलं की बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागतो. बोलणं तर दूरच. घरच्या साध्या रेडिओला आज परवाना लागत नाही, कारण तशी सूट आहे. ती सूट सगळ्या यंत्रांना नाही. त्यानंतर आला २०२३ चा दूरसंचार कायदा. दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. "मी काही बोललो नाही, फक्त ऐकलं" हे कारण इथे चालणार नाही.

यात पोलीस आले, वन विभाग आला, रेल्वे आली आणि नागपूर विमानतळाचा टॉवरही आला. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर साध्या एएममध्ये चालतं, पकडायला सोपं असतं, आणि पुष्कळ पोरं तिथूनच सुरुवात करतात. ते बोलणं तुमच्यासाठी नाही, हे धरून चाला.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या १९८६ च्या कायद्यानं पोलीस-अग्निशमनाचं कूटबद्ध नसलेलं बोलणं ऐकायला मोकळीक दिली. तरी काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत, आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून आपले चॅनल कूटबद्ध करायला घेतले. ब्रिटनमध्ये मात्र असं ऐकणं गुन्हाच आहे. तेव्हा 'आपलंच सरकार कडक' असं म्हणत बसू नका.

आता आपल्या भागाचं. गडचिरोलीत, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात, ताडोबा, मेळघाट, पेंचच्या हद्दीत, पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ किंवा भद्रावती, जवाहरनगर इथल्या आयुध निर्माणींच्या आसपास अँटेना लावलेलं यंत्र पिशवीत सापडलं, तर त्यात तुम्ही काय ऐकत होता हा प्रश्न नंतर येईल. आधी तुम्ही कोण, हे विचारलं जाईल. परवाना असला तरी अशा ठिकाणी यंत्र नेऊ नका. टेकडीवर रेंज चांगली मिळते म्हणून वन विभागाच्या हद्दीत चढायचं मनात असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्या.

अपघात, पूर, वीज यांची खबर लवकर मिळावी एवढ्यासाठीच स्कॅनर हवा असेल तर त्याची गरजच नाही. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. ते मृगाच्या आधीच मोबाइलवर टाकून ठेवा. वावरात काम करणाऱ्याला स्कॅनरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

२. पोलिसांचंच ऐकायचं असेल, तर अमेरिकेचं ऐका

गंमत म्हणून नाही, शिकण्यासाठी सांगतो. तिथले शौकीन आपल्या स्कॅनरचा आवाज इंटरनेटवर सोडतात आणि 'ब्रॉडकास्टिफाय' या ठिकाणी त्या गावांची, जिल्ह्यांची यादी मिळते. तो आवाज तिथल्या कायद्यात राहून सगळ्यांसाठी सोडलेला असतो. आपल्याकडे पहाटे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ-नऊ झालेले असतात, त्यामुळे सकाळच्या चहासोबत त्यांची रात्रपाळी ऐकता येते.

सुरुवातीला काहीच कळत नाही. उच्चार, घाई, सांकेतिक आकडे. 'टेन-फोर' म्हणजे समजलं, एवढं बहुतेक ठिकाणी सारखं. बाकी आकड्यांचे अर्थ प्रत्येक गावचं खातं आपापले ठरवतं. एकच छोटं गाव निवडा. मोठ्या शहराच्या चॅनलवर एकाच वेळी इतकं चालू असतं की कान थकतात. थोड्या दिवसांत लक्षात येईल की या बोलण्यातला थरार फार थोडा असतो. बराच वेळ गाडीचा नंबर, पत्ता, कुत्रा सुटला, शेजाऱ्याचा आवाज मोठा, असंच चालतं. आपल्या ठाण्याची डायरी काही फार निराळी नसावी.

मला स्वतःला हे फार दिवस पुरलं नाही. दुसऱ्याच्या अडचणी चोरून ऐकल्यासारखं वाटतं, कायदा असो वा नसो.

३. परवाना हाती येईपर्यंत कान तयार करा

घरात शॉर्टवेव्ह असलेला जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो काढा, सेल टाका. आधी मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला नागपूर आकाशवाणी लावून पाहा. ती स्वच्छ लागली की रेडिओ जिवंत आहे समजा. मग अंधार पडल्यावर शॉर्टवेव्हचा काटा हळूहळू फिरवा. चीन, अरबस्तान, युरोप, सगळे मिसळून येतील. दिवसा जे बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) मुके असतात ते रात्री का बोलू लागतात, हा प्रश्न मनात आला की तुम्ही या छंदात शिरलात. सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतभारित कण तयार होतात. त्यातला खालचा थर दिवसा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, आणि रात्री तो विरला की त्याच लहरी वरच्या थरावरून परतून लांब पोचतात.

दुसरा मार्ग वेबएसडीआर. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठानं आपला रिसीव्हर इंटरनेटवर उघडा ठेवला आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बसून त्याचा काटा तुम्ही फिरवायचा. असे रिसीव्हर जगभर आहेत. काही विकत घ्यावं लागत नाही आणि पुढे लागणारी सगळी बटणं इथे फुकट शिकता येतात.

एक गोष्ट इथेच पक्की करा: 'मोड', म्हणजे आवाज लहरीवर कोणत्या पद्धतीनं चढवला आहे ते. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (लोअर साइडबँड) मोडवर बोलतात आणि वर यूएसबी (अपर साइडबँड) मोडवर. चुकीचा मोड लावला की माणसाचा आवाज बदकासारखा येतो. नवे लोक 'सिग्नल खराब आहे' म्हणून तो सोडून देतात. मोड बदला, मग काटा अगदी थोडाथोडा सरकवा, आवाज माणसाचा होतो.

४. हॅमचा परवाना काढा

हीच खरी पायरी. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा हा परवाना देते. त्याआधी एएसओसी नावाची परीक्षा द्यावी लागते. तिचे दोन वर्ग आहेत.

रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स कोड लागत नाही. लेखी परीक्षेत दोन भाग असतात, रेडिओचं तंत्र आणि नियम. प्रत्येकात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण हवेत. जनरल वर्गाला प्रत्येकी ५० आणि एकूण ५५ टक्के लागतात, शिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या गतीनं मोर्स. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, म्हणजे सातवी-आठवीतली मुलगीही बसू शकते. रिस्ट्रिक्टेडवाल्याचं नाव-चिन्ह (कॉल साइन) साधारण व्हीयू३ नं सुरू होतं, जनरलवाल्याचं व्हीयू२ नं. पहिल्या खेपेला रिस्ट्रिक्टेडच द्या. मोर्सच्या भीतीनं कित्येकजण अर्जच भरत नाहीत, आणि ती भीती या वर्गाला लागूच नाही.

अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर भरायचा. परीक्षेसाठी मुंबई गाठायची गरज नाही; केंद्राचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन नागपूरला आहे, अर्जात तेच निवडा.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सही, दोन्ही स्कॅन करून
- जन्मतारखेचा पुरावा : शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र
- ओळख आणि पत्त्याचा पुरावा : आधार कार्ड पुरतं
- सतत चालू राहणारा मोबाइल नंबर आणि तुमचा स्वतःचा ई-मेल
- फी ऑनलाइन भरण्याची सोय

यात दोन ठिकाणी अर्ज अडकतात. पहिलं नाव. आधारवर 'नाव-वडील-आडनाव', दाखल्यावर 'आडनाव-नाव-वडील', आणि मध्येच कुठे 'राव' किंवा 'जी' लागलेलं. अर्जाआधी सगळीकडे एकसारखं करून घ्या. दुसरं ई-मेल. गावात सेतू केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरताना दुकानदार घाईत स्वतःचा ई-मेल टाकतो आणि पुढचं सगळं पत्र त्याच्याकडे जातं. शेजारी बसून स्वतःचाच ई-मेल लिहून घ्या.

अभ्यासाला काय लागतं? ओहमचा नियम, रोध, धारित्र, ट्रान्झिस्टर, मॉड्युलेशन, अँटेनाची लांबी, लहरी कशा पसरतात. बारावी सायन्सची जुनी पुस्तकं बऱ्याच भागाला पुरतात. नियमांच्या भागात क्यू-कोड पाठच हवेत: क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम दुसऱ्याचा अडथळा, क्यूआरएन वातावरणाची खरखर, क्यूएसबी आवाज चढणं-उतरणं. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरंही. वखर चालवता चालवता पाठ होतात.

पास झाल्यावर परवान्याचा अर्ज वेगळा. परवाना २० वर्षांसाठी किंवा आयुष्यभरासाठी मिळतो. पडताळणीला वेळ लागू शकतो, तेव्हा आज परीक्षा आणि उद्या रेडिओ अशा हिशोबात राहू नका. अँटेना वावरातल्या खोलीवर लावणार असाल तर स्टेशनचा पत्ता लिहिताना गट नंबर, गाव, तालुका पूर्ण लिहा, नुसतं 'मु. पो.' लिहून भागवू नका.

आणि हे ठळक समजा: हॅमचा परवाना हॅमच्या बँडचा आहे. पोलिसांचं ऐकायची परवानगी त्यानं मिळत नाही.

५. सामान

परवाना आल्यावरच खरेदी. ऐकण्यापुरतं एवढं लागतं:

- आरटीएल-एसडीआर डोंगल : संगणकाच्या यूएसबी पोर्टला लागणारा, पेनड्राइव्हपेक्षा थोडा मोठा रिसीव्हर
- जुना लॅपटॉप, किंवा ओटीजी केबल आणि बऱ्यापैकी अँड्रॉइड मोबाइल
- २०-२२ मीटर साधी तांब्याची वायर, घरगुती वायरिंगची चालते
- डिशची आरजी-६ केबल आणि तिचे कनेक्टर, तालुक्याच्या कोणत्याही डिशवाल्याकडे मिळतात
- प्लॅस्टिकचे किंवा चिनी मातीचे इन्सुलेटर. नसतील तर पीव्हीसी पाइपचे तुकडे

हे डोंगल मुळात टीव्ही पाहायला बनलं होतं. २०१२ च्या सुमारास काही शौकिनांच्या ध्यानात आलं की त्याच्यातली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चा सिग्नल संगणकाला देऊ शकते, आणि स्वस्त रिसीव्हरचा जमाना सुरू झाला. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा ते ऐकतं. ७ मेगाहर्ट्झ ऐकायचं तर त्याची व्ही३ किंवा व्ही४ आवृत्ती घ्या, त्यांत खालच्या बँडची सोय आहे. हुबेहूब दिसणाऱ्या नकला खूप विकल्या जातात. किंमत फारच कमी दिसली तर घेऊ नका.

हातातल्या चिनी वॉकीटॉकीच्या मोहात पडू नका. स्वस्त असतात, आणि पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवरही बोलू शकतात, घोळ तिथेच आहे. चुकून बटण दाबलं गेलं तरी प्रक्षेपण झालं. अशा यंत्रांच्या ऑनलाइन विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये नियमावली आणली ती याच कारणानं. घर ते वावर एवढंच बोलायचं असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय चालतात. फक्त त्या मॉडेलला सरकारी मंजुरी आहे का ते बिलावर आणि डब्यावर पाहून घ्या.

६. तार बांधणं

७ मेगाहर्ट्झसाठी डायपोल, म्हणजे मधून दोन सारखे भाग केलेली तारेची अँटेना, बांधा. हिशोब सोपा: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, मीटरमध्ये पूर्ण लांबी मिळते. ७.१ साठी सुमारे २० मीटर, म्हणजे मधून दोन्हीकडे दहा-दहा. मध्ये केबल जोडायची, टोकं इन्सुलेटरला, इन्सुलेटर नायलॉनच्या दोरीनं कडुनिंबाला किंवा बांबूला. जितकं उंच तितकं बरं, पण घराच्या छपराएवढ्या उंचीवरही ऐकण्याचं काम होतं. झाड वाऱ्यानं हलतं, म्हणून दोरीला थोडी ढील ठेवा.

डिशची केबल ७५ ओहमची आणि रेडिओ ५० चा, हे वाचून घाबरू नका. ऐकण्यात तो फरक जाणवत नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. महावितरणच्या तारेच्या वरून, खालून किंवा तुटल्यावर तिच्यावर पडेल अशा अंतरात अँटेना कधीही नको. दोरी फेकताना दगड बांधून तार भिरकावतात, ती ११ केव्हीच्या लाइनला लागली की संपलं. आणि रात्री अंधारात वावरातून तार ओढत जाऊ नका; रानडुकरांसाठी कोणी चोरून थेट लाइनचा करंट सोडलेला असू शकतो. आपल्या भागात माणसं अशानं मेली आहेत.

तिसरी गोष्ट वीज. मृगापासून परतीच्या पावसापर्यंत ऐकून झालं की केबल रेडिओतून काढून खोलीच्या बाहेर ठेवा. आभाळ भरून आल्यावर काढू असं म्हणू नका. ढग दिसायच्या आधीही वीज पडते.

७. खरखर : गावचा खरा शत्रू

शहरात खरखर सगळीकडून येते. गावात ती थोड्याच ठिकाणांहून येते, म्हणून शोधता येते. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महागडा रेडिओ घेण्यापेक्षा एक खरखर बंद केली तर फायदा जास्त.

पहिला संशय झटका मशीनवर. रानडुक्कर आणि रोहींसाठी कुंपणाला लावलेलं सौर झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका सोडतं. सगळं ठीक असेल तर रेडिओवर फारसं येत नाही. पण तारेला गवत टेकलं, इन्सुलेटर तडकला किंवा तारेचा जोड ढिला झाला की तिथे ठिणगी उडते आणि सगळ्या बँडवर 'टक्... टक्... टक्' सुरू होतं. श्रावण-भादव्यात गवत वाढलं की हे वाढतं. उपाय शेतीचाच आहे: कुंपणाखालचं गवत कापा, फुटके इन्सुलेटर बदला, जोड पिळून घट्ट करा. कुंपण शेजाऱ्याचं असेल तर "काकाजी, तुमच्या मशीनमुळे माझा रेडिओ वाजत नाही" असं म्हणू नका. "काकाजी, तुमच्या तारेला गवत लागलं, झटका कमी बसते" म्हणा. खरंही आहे, आणि काम लगेच होतं. अँटेनाची तार कुंपणाला समांतर नेऊ नका आणि अर्थिंगही त्याच्यापासून लांब वेगळं करा.

दुसरा संशय घरातल्या वस्तूंवर: एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, इन्व्हर्टर. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरात आहे. एकेक स्विच चालू करत तो पकडा. स्वस्त बल्ब बदलला की पुष्कळदा काम होतं. जुन्या मॉनिटरच्या केबलवर असतो तो काळा गोळा, फेराइट, भंगारवाल्याकडून आणा आणि चार्जरच्या वायरीवर चढवा.

मेन बंद करूनही राहिली तर बाहेर पाहा. दिवसा येणारी आणि सूर्य मावळताच जाणारी खरखर सौर पंपाच्या कंट्रोलरची असते. थ्री-फेज आली की सुरू होणारी मोटारीच्या स्टार्टरची. आणि उन्हाळ्यात भर दुपारी तडतडणारी, पहिल्या पावसात धुऊन जाणारी खरखर खांबावरच्या इन्सुलेटरची. ती लाइनमनला सांगा, स्वतः खांबाजवळ काठीसुद्धा नेऊ नका.

दिशा शोधायला साधा ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावा आणि गोल फिरवा. एका कोनात खरखर एकदम कमी होते. तेव्हा रेडिओच्या आतली अँटेनाची कांडी खरखरीच्या दिशेला तोंड करून असते. दोन वेगळ्या जागांवरून रेषा धरल्या की ठिकाण सापडतं.

लोडशेडिंग झालं की लोक सरकारला शिव्या घालतात. मी रेडिओ लावतो. अख्ख्या शिवाराची वीज गेलेली असताना ७ मेगाहर्ट्झ जसा ऐकू येतो तसा एरवी येत नाही.

८. सॉफ्टवेअर

विंडोजवर एसडीआर शार्प किंवा एसडीआर प्लस प्लस. डोंगल लावताच विंडोज स्वतःहून टीव्हीचा ड्रायव्हर टाकतं आणि मग काही चालत नाही. 'झाडिग' नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडून 'इंटरफेस ०' ला विनयूएसबी ड्रायव्हर द्या. हे करताना यादीत माउस किंवा कीबोर्ड निवडला गेला तर तो बंद पडेल, नाव दोनदा वाचा.

गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, आपोआपवर ठेवू नका. हातानं हळूहळू वाढवा आणि तळाची खरखर थोडी वर उचलली की तिथेच थांबा. त्यापुढे फक्त गोंगाट वाढतो. पहिली चाचणी १००.६ मेगाहर्ट्झच्या नागपूर विविध भारतीवर घ्या, किंवा जो एफएम तुमच्याकडे लागतो त्यावर.

९. काय ऐकायचं आणि कधी

सकाळी ७.०५० ते ७.१५० मेगाहर्ट्झ, एलएसबी. देशभरातले हॅम या वेळी गप्पा मारतात, हिंदी, इंग्रजी आणि मधूनच मराठी. दिवसा या बँडवर काहीशे किलोमीटरचे लोक चांगले लागतात, रात्री लांबचे देश. १४ मेगाहर्ट्झ, यूएसबी, दिवसा लांबच्यासाठी.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर, नॅरो एफएम मोडवर. ते रोज काही वेळा आपल्या आभाळातून जातं, एक फेरी साधारण दहा मिनिटांची. येताना फ्रिक्वेन्सी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते, म्हणून काटा हलवत राहावं लागतं. अँटेना म्हणजे ४९-४९ सेंटिमीटरचे दोन दांडे, इंग्रजी व्हीसारखे. अधूनमधून तिथून चित्रं पाठवतात. मोबाइलवर 'रोबोट ३६' ॲप टाकून फोन नुसता स्पीकरजवळ धरला तरी चित्र ओळीओळीनं उमटतं. एका चित्राला दोन मिनिटं लागतात. शाळेत मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही, आणि इंटरनेट लागत नाही.

ढगांचे फोटो थेट उपग्रहाकडून घेता येतात, पण इथे जुने व्हिडिओ फसवतात. एनओएए १५, १८ आणि १९ हे उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर आता काही येत नाही. रशियाचे मेटिऑर एम२-३ आणि एम२-४ पाहा, १३७.१ किंवा १३७.९ मेगाहर्ट्झ, सॉफ्टवेअर 'सॅटडंप', दांडे ५३-५४ सेंटिमीटरचे. हे थोडं किचकट आहे. बाकी जमल्यावर करा.

१०. वही आणि ठाणेदार

एक वही करा: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, कोण, आवाज कसा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

परवाना आल्यावर त्याची प्रत घेऊन पोलीस पाटलाकडे जा, आणि मग ठाण्यात. कोणी बोलवायच्या आधी जा. ठाणेदारांना साध्या शब्दांत सांगा की हा केंद्र सरकारचा परवाना आहे, ही माझी अँटेना, मी हे ऐकतो. गावात तार टांगलेली दिसली की चर्चा होतेच, आणि ती तुमच्या आधी ठाण्यात पोचू नये. परवान्याची एक प्रत अँटेनाच्या खोलीतही लावा.

११. मदतीची हाक ऐकू आली तर

हे क्वचित होतं, पण तयारी हवी. आपत्तीत हॅमच्या जागतिक संघटनेनं ठरवलेल्या जागा ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहेत. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद रेडिओ घेऊन अंदमानातच होत्या; फोन बंद पडलेल्या बेटांवरून माणसं सुखरूप असल्याचे निरोप मुख्य भूमीवर पोचले ते त्यांच्यासारख्या हॅममुळे.

तुम्हाला 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' ऐकू आलं तर पहिली काही मिनिटं फक्त लिहा: फ्रिक्वेन्सी, वेळ, नाव-चिन्ह, ठिकाण, काय हवं. कोणी उत्तर देत असेल तर मध्ये बोलू नका. कोणीच देत नसेल आणि तुमच्याकडे परवाना आणि बोलणारा सेट असेल तरच उत्तर द्या. नसेल तर ११२ ला फोन करून लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवा, स्वतःचा अंदाज घालू नका. फोन झाल्यावरही त्या फ्रिक्वेन्सीवर ऐकत राहा, कारण पुढची माहिती तिथेच येईल. १०७७ चा नंबर, तहसील कार्यालयाचा नंबर आणि आपल्या ठाण्याचा नंबर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी अशाच वेळी संपते.